निसर्ग, फयान, तौक्ते : वादळ येताना आपण कशावर विसंबलो?

सुपारीबाग

आज सकाळी जेटीवर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागलेला दिसला आणि 3 जून 2020 ची दुपार पुन्हा आठवली. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याची बातमी कालपासून आहेच, त्यामुळे हा विषय आताच काढावा असे वाटले.

त्या दिवशीचे 'निसर्ग' चक्रीवादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या आसपास किनारा ओलांडेल, असे हवामान विभाग आधीपासून सांगत होता. अंदाज चुकला नाही. वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आले. मात्र त्या सकाळी दूरचित्रवाणीवर जवळजवळ सर्व वेळ मुंबईच दिसत होती आणि नकाशावरची रेघ वर उत्तरेकडे जाताना पाहून आमच्या आळीतील बऱ्याच जणांनी हे संकट आपले नव्हे असे धरले. ती रेघ केवळ केंद्राच्या मार्गाची असते. तिच्याभोवतीचा शंकूसुद्धा केंद्र कुठे कुठे जाऊ शकेल एवढेच दाखवतो. वारा त्या शंकूच्या बाहेरही तितक्याच जोराने वाहू शकतो, कारण वादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो. ही एक गोष्ट दापोलीपासून मुरूडपर्यंत प्रत्येक घरात पोहोचली असती, तर निदान गोठ्यातील गुरे वेळेवर सोडली गेली असती आणि पत्र्यांवर दगड ठेवण्याऐवजी ते तारेने बांधले गेले असते, असे मला आजही तळमळीने वाटते.

ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने वारा आला, वीज त्याआधीच गेली होती आणि मग मोबाईलचे टॉवरही बंद पडले. ज्या घडीला माहितीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच घडीला ती संपली. वादळ येत असताना आपण कशाकडे पाहत होता, कोणाचे ऐकत होता, आणि संपर्क तुटल्यावर वारा कुठवर आला हे कसे ओळखले, ते कृपया लिहावे.

श्रीवर्धनची सून

ताई, आमच्याकडे फोन गेल्यावर ग्रामपंचायतीने भोंग्यावरून आधी सांगितलेले एक वाक्य तेवढे हाताशी होते : वारा एकदम पडला तरी घराबाहेर येऊ नका. आम्ही सर्वजण माजघरात बसलो होतो, कारण ओटीवरची आणि पडवीवरची कौले आधी जातील हे सासऱ्यांना ठाऊक होते. सुरुवातीला वारा डोंगराकडून येत होता. वळचणीजवळची कौलांची ओळ किंचित वर उचलली जाई, खळखळत पुन्हा वाशांवर बसे, पुन्हा उचलली जाई. आणि मग एका झोतात कोनवाशापासून आढ्यापर्यंतचा सगळा पट्टा निघाला व माजघरातल्या फडताळावर थेट पाऊस पडू लागला. त्यानंतर खरोखरच वारा पडला. बागेत कोणत्या सुपाऱ्या उभ्या आहेत ते पाहावे म्हणून दीर दाराशी गेले, तेव्हा सासूबाईंनी दाराला आडणा घातला आणि त्यांना बाहेर जाऊ दिले नाही. थोड्याच वेळात वारा समुद्राच्या बाजूने फिरला आणि पहिल्या वाऱ्याने जी झाडे नुसती कलली होती, ती दुसऱ्या वाऱ्याने उलट दिशेला मोडली. केंद्र डोक्यावरून जाते तेव्हा मध्ये शांतता असते आणि मग उलटा वारा येतो, हे मी शाळेत वाचले होते. पण त्या दिवशी आम्हांला भोंग्यावरच्या त्या वाक्याने वाचवले.

आमच्या रोठा सुपारीच्या बागेबद्दल लिहायला बसले तर धागा भरून जाईल, म्हणून थांबते. नवीन रोप फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात, एवढेच सांगते.

माडाची सावली

वाचून डोळे भरून आले. आमच्या मुरूडलाही हीच स्थिती होती. दुसऱ्या दिवशी आंबा, फणस आणि चिकू यांची समुद्राकडची पाने खाऱ्या वाऱ्याने करपून तपकिरी झाली होती आणि डोंगराकडची पाने त्याच झाडावर हिरवी होती.

हर्णै बंदर

फोन बंद पडल्यावर वारा कुठवर आला हे ओळखण्याचा एक जुना नियम दर्यावर जाणाऱ्या माणसांना उपयोगी पडतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की आपल्या उत्तर गोलार्धात कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताच्या बाजूला असते. निसर्गच्या दिवशी आमच्याकडे वारा आग्नेयेकडून सुरू झाला, म्हणजे केंद्र नैर्ऋत्येला, अजून समुद्रात होते. मग तो दक्षिणेकडून वाहू लागला तेव्हा केंद्र आमच्या पश्चिमेला, समोरच आलेले होते. पुढे वारा नैर्ऋत्येला आणि पश्चिमेला सरकला, तेव्हा केंद्र उत्तरेकडे निघून जात आहे आणि आता श्रीवर्धनकडे धोका आहे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय सांगितले. डोंगराच्या आडोशाला हा नियम फसतो, कारण तेथे वारा घळीप्रमाणे वळतो. उघड्या किनाऱ्यावर मात्र त्यावर विसंबता येते. वारा दिशा न बदलता नुसता वाढत असेल तर केंद्र सरळ आपल्याच रोखाने येत आहे, असे समजून घर बंद करावे.

आमच्या पिढीला मात्र निसर्गपेक्षा फयान चक्रीवादळ जास्त लागले. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ते अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. निसर्ग आले तेव्हा मासेमारीचा हंगाम संपत आला होता आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. फयान आले ते भर हंगामात. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी होड्या समुद्रात होत्या आणि त्यांतील सर्व परत आल्या नाहीत. ज्या तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) वायरलेसवर इशारा ऐकताच जाळे कापून टाकले आणि जयगडची किंवा दाभोळची खाडी गाठली, ते वाचले. जाळ्याची किंमत लाखांत असते, त्यामुळे ते कापण्याचा निर्णय किती जड असतो हे ज्याने कापले त्यालाच ठाऊक.

सुपारीबाग

काका, ही माहिती मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे. बावट्यांच्या आकड्यांबद्दलही थोडे लिहाल का?

हर्णै बंदर

एक आणि दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदराला लगेच धोका नाही. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदराला वादळी हवेचा धोका आहे. आठ, नऊ आणि दहा हे महाधोक्याचे आहेत. अकरा नंबरचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो : इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला हवा बिघडण्याची भीती वाटते आहे. आपण ज्या अवस्थेबद्दल विचारले, तिच्यासाठी बंदरावर आधीपासून बावटा ठरलेला आहे.

केळशीतली मास्तरीण

वाऱ्याइतकेच पाण्याकडेही पाहावे, अशी विनंती करते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. निसर्गच्या आदल्या दिवशी निर्जला एकादशी होती, म्हणजे वादळाच्या दिवशी सकाळी द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होऊन गेली आणि वादळ दुपारी आले ते ओहोटीला. रायगड, मुंबई आणि ठाण्यासाठी नेहमीच्या भरतीवर एक ते दोन मीटर पाणी चढेल, आणि रत्नागिरीकडे अर्धा ते एक मीटर, असा इशारा होता. हेच वादळ भर भरतीला आले असते तर खाडीकाठच्या वस्तीत पाणी कुठवर शिरले असते, याचा विचार मनातून जात नाही. म्हणून सध्या जे कमी दाबाचे क्षेत्र आहे, त्याच्या येण्याच्या अंदाजासमोर प्रत्येकाने आपल्या गावची भरतीची वेळ लिहून ठेवावी.

शाळेत त्या दिवसांत मुंबईहून आलेले चाकरमानी कोरोनामुळे विलगीकरणात होते. त्यांना हलवायचे तर कुठे, आणि शेजाऱ्यांनी घरात घ्यायचे तर कसे, हा प्रश्न वाऱ्याइतकाच मोठा झाला होता. शेवटी गावाने त्यांना पक्क्या स्लॅबच्या घरांत जागा दिली, याचा मला अभिमान वाटतो.

वडाचा पार

वादळानंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. आमच्या आळीतला वड आडवा पडला होता. बायकांनी त्याच्या उन्मळलेल्या मुळांपाशी सूत गुंडाळले आणि नंतर त्याच्याच फांद्या लावल्या. विषयाला थोडे सोडून आहे, पण आठवले म्हणून लिहिले.

मालवणी किनारा

आमच्या सिंधुदुर्गाचा अनुभव तौक्तेचा आहे आणि तो सुपारीबाग यांच्या म्हणण्याला दुजोरा देतो. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर, समुद्रातूनच वर गेले आणि 17 मेच्या रात्री गुजरातमध्ये दीव-उना भागात जमिनीवर आले. ते आमच्याकडे धडकणारच नाही, हे नकाशावर स्पष्ट दिसत होते. तरीही त्याच्या कडेच्या वाऱ्याने विजेचे खांब पडले, हापूसचा शेवटचा माल जमिनीवर आला आणि बंदरात आसऱ्याला आलेल्या होड्यांचेही नुकसान झाले. धडकणार कुठे, या एकाच प्रश्नाला सगळे लक्ष दिले की आपल्या दारावरून काय जाणार आहे, हे विचारायचे राहून जाते. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये क्यार महाचक्रीवादळ झाले, तेही किनाऱ्यावर आलेच नाही. पण लाटांनी आमच्या किनाऱ्याची केवढी वाळू नेली ते आम्ही पाहिले आहे.

दूरदेशी (मूळ गुहागर)

मी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहते. येथे चक्रीवादळ नव्हे तर टॉर्नेडो येतो आणि त्याच्यावर नजर ठेवण्याची रीत पूर्ण वेगळी आहे. आपल्या वादळाची चाहूल काही दिवस आधी लागते आणि त्याची रुंदी शेकडो किलोमीटरची असते. टॉर्नेडो बहुधा काहीशे मीटर रुंद असतो आणि इशाऱ्यानंतर हातात कित्येकदा दहा-पंधरा मिनिटेच असतात. त्यामुळे येथे इशाऱ्याचे दोन टप्पे ठेवले आहेत. पहिल्यात काही तास आधी मोठ्या प्रदेशाला सांगतात की आज असे वादळ होण्याजोगी हवा आहे, सावध राहा. दुसरा टप्पा रडारवर ढगातील भोवरा दिसल्यावर किंवा कोणी प्रत्यक्ष पाहिल्यावर येतो आणि तो नेमक्या लहान भागापुरता असतो. भोंगे वाजतात आणि खालच्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जायचे असते. 20 मे 2013 रोजी मूर शहरात सर्वांत वरच्या श्रेणीचा टॉर्नेडो आला होता, त्याच्या आठवणी शेजारी अजून सांगतात.

येथील एक गोष्ट आपल्याकडे घेण्यासारखी वाटते. प्रत्येक लहान मुलाला आपल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, आणि शेजारच्या काउंटीचे नाव नकाशावर दाखवता येते, कारण इशारा त्या नावांनी येतो. आपल्या गावचा बिंदू नकाशावर कुठे आहे आणि वादळाच्या केंद्रापासून किती किलोमीटरवर आहे, हे कोकणातल्या प्रत्येक मुलाला बोट ठेवून दाखवता यावे. निसर्गच्या दिवशी मी विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर केंद्र गुहागरच्या समोरून सरकताना पाहत होते आणि आईचा फोन लागत नव्हता. ते तास मी कसे काढले ते लिहिता येत नाही.

श्रीवर्धनची सून

दूरदेशी ताई, आई सुखरूप होत्या ना?

दूरदेशी (मूळ गुहागर)

होय. शेजारच्या दादांनी दुसऱ्या दिवशी डोंगरावर जाऊन रेंज मिळवली आणि सगळ्या आळीच्या वतीने मुलांना संदेश पाठवले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

बॅटरीवाला रेडिओ

संपर्क तुटल्यावर आमच्याकडे आकाशवाणीच उपयोगी पडली. विजेवर न चालणारा, सेलवरचा रेडिओ प्रत्येक वाडीत एक तरी असावा आणि सेल आताच आणून ठेवावेत, कारण बावटा लागल्यावर बाजारात ते मिळत नाहीत.

सुपारीबाग

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या वाडीत सेलवरचा रेडिओ कोणाकडे आहे, हे आज संध्याकाळी विचारून घेते. दाभोळ खाडीत होड्या नेण्याबाबत आमच्या नातेवाइकांनी विचारले आहे. काका, काही सूचना?

हर्णै बंदर

उद्या दुपारच्या भरतीच्या आत न्याव्यात. एकाच ठिकाणी दाटीने नांगरू नयेत, कारण वारा फिरला की होड्या नांगरावर गोल फिरतात आणि एकमेकींवर आदळून फुटतात; फयानच्या वेळी वाऱ्यापेक्षा या आदळण्यानेच जास्त होड्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दोरखंड लांब सोडावा, दुसरा नांगर तयार ठेवावा, आणि होडीवर रात्री कोणीही झोपू नये.