मदत हवी आहे: सोलापुरात रात्री एपिड्युरल (बाळंतकळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीत सुईने देतात ती भूल) वेळेत मिळतं का?

पहिली खेप, ३७ वा आठवडा. बाळाचं डोकं खाली, बीपी-शुगर नॉर्मल, प्लेटलेट २ लाखांच्या वर. राहायला जुळे सोलापुरात. दवाखान्यात एपिड्युरल देतात, पण भुलीचे डॉक्टर बाहेरून येतात. रात्री कळा सुरू झाल्या तर काय, यावर "बघू, फोन करू" एवढंच उत्तर.

श्वासाचे व्यायाम, कमरेला शेक, बॉलवर बसणं चालू आहे. सासूबाई म्हणतात, कळा सोसाव्याच लागतात. (सोसायला ना नाही हो, पण किती तास ते कुणीच सांगत नाही!) एपिड्युरलमुळे सिझर होतं ही भीती डॉक्टरांनी काढलीय, तो विषय नको. पुण्याला जाणं जमणार नाही.

इथे रात्री घेतलेल्यांनी सांगा: फोन केल्यापासून सुई लागेपर्यंत किती वेळ गेला, आणि तोवर कशावर निभावलं?