मुली वर्गात गप्प असतात, कारण त्यांची शिकायची पद्धतच वेगळी?

मागचाबाक:
बरीच वर्षं कॉलेजात शिकवतोय. मुली नोट्स काढून, वाचून शिकतात, मुलं वाद घालत शिकतात. आता डिस्कशनला मार्क ठेवायचं फॅड आलंय, त्यात मुली उगाच मागे पडतात. ज्याला जसं जमतं तसं शिकू द्या ना. गप्प बसणं म्हणजे न शिकणं नव्हे.

शाईपेन:
शेवटचं वाक्य मान्य सर, बाकीचं नाही. वाचून शिकणारे, ऐकून शिकणारे हे खूळ फ्लेमिंगच्या व्हार्क नावाच्या, तुम्ही कसं शिकता ते ठरवणाऱ्या प्रश्नावलीने घरोघरी पोचवलं, आणि २००८ मध्ये पॅशलर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी पुरावे चाळले तर आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त डोक्यात शिरतं याला धड आधारच सापडला नाही. आणि मुली नोट्स काढतात ते आवडतं म्हणून, की बोलायची पाळीच येत नाही म्हणून?

मागचाबाक:
पाळी येत नाही म्हणजे? मी काय तोंड बांधतो का कुणाचं? प्रश्न अख्ख्या वर्गाला असतो.

चष्मिश:
मेख तिथंच आहे. अख्ख्या वर्गाला म्हणजे जो आधी ओरडेल त्याला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बायोलॉजीच्या २३ वर्गांचा अभ्यास आला होता, मुली ६०%, पण उत्तरं देताना त्यांचा आवाज ४०% पेक्षाही कमी. माझंच सांगते, मी मनात वाक्य जुळवेपर्यंत मागचा कुणीतरी अर्धंकच्चं उत्तर ठोकून मोकळा, आणि सर खूश!

रोखठोक:
मी मुलगा, तीन वर्षांत एकदाही हात वर केला नाही. मला कुणी दाबलं? मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइडनी २००५ मध्ये, अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र जोखणारे ४६ मेटा-अ‍ॅनॅलिसिस एकत्र तपासले, स्त्री-पुरुषांतले बहुतेक फरक किरकोळ नाहीतर शून्याच्या आसपास. लाजाळू ते लाजाळू, त्यात मुलगा-मुलगी कशाला आणता?

शाईपेन:
अरे पण मग तर माझंच म्हणणं सिद्ध झालं! डोक्यात फरक नाही आणि तरी वर्गात दिसतो, म्हणजे तो वर्गातच तयार होतोय. दहा देशांतल्या २४७ सेमिनारमध्ये पाहिलं तर पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी. शिक्षक प्रश्न टाकून जेमतेम सेकंदभर थांबतात हे शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो कधीच सांगून गेल्यात. तीन सेकंद थांबलं तर जास्त जण बोलतात, रोखठोक, तुझ्यासारखेपण.

मागचाबाक:
बरं, थांबतो तीन सेकंद. तरी कुणी नाहीच बोललं तर नाव घेऊन विचारू? तसं केलं की याच मुली तास संपल्यावर येऊन सांगतात, सर प्लीज आम्हाला उभं नका करू. चष्मिश, तुला केलेलं चालेल का?

चष्मिश:
आधी दोन मिनिटं शेजारणीशी बोलू दिलंत तर चालेल. एकदम नाही.