टिअरड्रॉप ट्रेलर घरी बांधायचाय, सल्ला हवा

शनिवारचा_सुतार
नमस्कार मंडळी. मुक्काम ओहायो. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गॅरेजात वेळ मिळतो. दोघांना झोपता येईल आणि मागचं झाकण उचललं की ओटा, असा टिअरड्रॉप, म्हणजे गाडीमागे ओढायचा थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर, बांधायचाय. सुतारकाम येतं, वेल्डिंग नाही. गाडी १५०० पौंड ओढते. सांगाडा कुठला घेऊ? प्लायवूड पावसात कसं टिकवायचं?

रंधा
सांगाडा तयारच घ्या. नट-बोल्टांनी जोडायचा चार बाय आठ फुटी युटिलिटी ट्रेलर मिळतो, ॲक्सल-चाकं-दिव्यांसकट. प्लायवूडची शीटही त्याच मापाची, म्हणजे तळाला जोड नाही. शिवाय खरेदीचे कागद हाती असले की नोंदणी सोपी जाते. नियम मात्र राज्यागणिक वेगळे, आधी विचारून घ्या.

पण खरा विचार वजनाचा करा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, यायला हवा. तो कमी पडला की हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि ते फार धोक्याचं. टिअरड्रॉपचा ओटा मागे, म्हणजे भांडी, बर्फाची पेटी, पाणी सगळं ॲक्सलच्या मागे. पाच गॅलन पाणीच ४२ पौंड भरतं! म्हणून बॅटरी आणि अवजारांची पेटी पुढे, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर ठेवा. भिंती उभ्या केल्या, की छप्पर घालण्याआधी एकदा आणि सामान भरून पुन्हा एकदा दांडा बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवून बघा, ट्रेलर समतल ठेवून. भिंतींना पाऊण इंची प्लाय नको, एकेक शीट साठ पौंडांच्या आसपास जाते. अर्धा इंच पुरे.

मिशिगनची_माई
पाण्याचं मी सांगते. प्लायवूड पाणी पितं ते कडांनी. प्रत्येक कड आणि खिडकीसाठी कापलेलं प्रत्येक भोक बसवण्याआधी इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) बंद करा, तळाची खालची बाजूसुद्धा. वरून सुती कॅनव्हास वॉटरप्रूफ गोंदाने चिकटवून त्यावर बाहेरच्या रंगाचे दोन-तीन हात. फायबरग्लासपेक्षा खूप स्वस्त पडतं.

आणि भाऊ, दोन माणसं एवढ्याशा पेटीत झोपणार. छताला पंखा आणि खाली हवा आत यायला झरोका, दोन्ही हवेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. शेगडी कितीही थंडी असली तरी आत पेटवायची नाही.

शनिवारचा_सुतार
माई, रंधादादा, मनापासून आभार. चार फुटांत दोघं मावतील?

रंधा
अर्धा-अर्धा इंच भिंतींचा गेला की आत जेमतेम ४७ इंच उरतात. डबल गादीसुद्धा ५४ इंचांची असते. आज रात्रीच जमिनीवर ४७ इंचांची चौकट आखून दोघं झोपून बघा, मग लाकूड आणा.