हाताला हात न लावता परत पाठवलं. तक्रार कशी लिहू?

उजवा_हात

नमस्कार. हे सगळं फोनला बोलून लिहवतेय, कारण उजव्या हाताने टाइप करता येत नाही. फोन 'मनगट'चं 'मन गट' करतो, तेवढं सांभाळून घ्या.

४ फेब्रुवारीला जिन्यावरून पडले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टरमध्ये असतानाच आत कुणी निखारे भरलेत असं वाटायचं, पण "थोडं आवळणारच" म्हणाले म्हणून गप्प बसले. १८ मार्चला प्लास्टर काढलं तेव्हा हात माझा वाटेना. बोटं सुजलेली, कातडी तकतकीत, कधी जांभळी तर कधी लालभडक. डाव्या हातापेक्षा उजवा गरम लागायचा, आता बऱ्याचदा गार लागतो. बाही घासली तरी कळ येते. पंख्याचा वारा लागला तरी दुखतं हे सांगायला मला स्वतःलाच लाज वाटते. मी नकाशे काढायचं काम करते, म्हणजे दिवसभर माउस. तो आता डाव्या हाताने धरते आणि एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावते.

२७ मार्चला दाखवायला गेले. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता दुखायला नको." जणू हाताला तसा हुकूमच सोडला. २४ एप्रिलला परत गेले. पडले त्या रात्री कॅज्युअल्टीत ट्रामाडॉल ही तीव्र वेदनाशामक गोळी दिली होती आणि तेवढी एकच रात्र झोप लागली होती, म्हणून विचारलं, "ती गोळी परत देता येईल का?" तिथून सूरच बदलला. "इथे गोळ्या मागायला यायचं नाही. तुम्ही मनावर घेताय, कुणाशी तरी बोला." चार मिनिटांत बाहेर. हात मी टेबलावर ठेवला होता. त्यांनी तो पाहिला असेल, पण त्याला हात लावला नाही. दुखण्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्या म्हटलं तर "गरज नाही".

१५ मेला काउंटरवरच अडवलं. "तुमचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलंय." कुणी, का, काही नाही.

फाइलची प्रत मागून घेतली. २४ एप्रिलची नोंद दोन ओळींची आहे: एक्स-रे समाधानकारक. रुग्ण चिंताग्रस्त, तीव्र वेदनाशामकांची मागणी.

त्या रात्री तीन पानी पत्र बोलून काढलं. सकाळी वाचलं तर ते पत्र नव्हतं, नुसतं भांडण होतं. भाऊ म्हणतो सरळ कोर्टात खेच. माझे प्रश्न दोनच आहेत. तक्रार नेमकी कशाची करायची, कारण "डॉक्टर वाईट वागले" एवढ्यावर कोण विचारणार? आणि तक्रार केली की पुढचा डॉक्टरही 'कटकटी पेशंट' म्हणून दार लावून घेईल का?

पाठदुखे

ताई, राग मानू नका, स्पष्ट सांगतो. मी माझ्या पाठीच्या वेळी हे सगळं केलंय. सहा महिने पत्रं लिहिली आणि शेवटी "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढी एक ओळ हातात आली. त्या सहा महिन्यांत पाठीकडे बघायचं राहून गेलं. दुसरा डॉक्टर गाठा आणि सोडून द्या.

फायलींतला

मी एका रुग्णालयाच्या तक्रार कक्षात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पाठदुखे यांचं अर्धं बरोबर आहे. तक्रार लागेल त्या वेगाने लागेल, उपचार तिच्यासाठी थांबवू नका. दुसरा डॉक्टर उद्याच बघा. पण सोडून देऊ नका, कारण ती दोन ओळींची नोंद तुमच्या मागे मागे येणार. पुढचा डॉक्टर आधी ती वाचेल आणि मग तुमच्याकडे बघेल.

तीन पानी पत्रं मी हजारांनी वाचली आहेत. खरं सांगायचं तर पहिल्या पानाच्या मध्यापर्यंतच नजर टिकते. "उर्मट", "माणुसकी नाही" हे शब्द आले की समोरचा डॉक्टर उलटं लिहितो, "मी नम्रपणेच बोललो", आणि प्रकरण मिटतं. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर. त्यापेक्षा फाइलमध्ये काय नाही ते दाखवा. २४ एप्रिलला हात तपासल्याची नोंद आहे का? सूज, रंग, बोटं किती मिटतात, काही लिहिलंय? नसेल तर त्यावर त्यांना उत्तर देता येत नाही. मी कक्षात असताना याच कागदापुढे भल्याभल्यांचा आवाज खाली येताना पाहिलाय.

दुसरं म्हणजे नकार दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची भेसळ करतात. एखादी गोळी न देणं हा डॉक्टरचा निर्णय असतो. तो पटला नाही तरी त्यावरची तक्रार सहसा टिकत नाही. तपासायलाच नकार, कारण सांगायला नकार, दुसरीकडे पाठवायला नकार आणि काउंटरवरून परत पाठवणं, ही मात्र वेगळी गोष्ट. तुमच्या तक्रारीत ट्रामाडॉल हा शब्द आला की सगळे तेवढाच शब्द वाचतील.

काउंटरवरचं सोडू नका. आधी एक छोटं पत्र द्या: "१५ मे रोजी मला अपॉइंटमेंट नाकारली. हा निर्णय कुणाचा व कोणत्या कारणाने, ते लेखी कळवावं." एवढंच. पोच घ्या. कारण आलं तर त्यावर बोलता येतं. नाहीच आलं तर तेही कामाला येतं.

कोर्टाचं भावाला म्हणावं थांब जरा. रुग्णालयाकडे तक्रार केली की सेवा आणि नोंदी सुधारतात (सुधारल्या तर). डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी परवाना देणारी परिषद करते. भरपाई हवी असेल तर कोर्ट. तिन्हींकडे एकच कागद पाठवला तर तिन्हीकडे तो चुकीच्या टेबलावर पडतो. नियम आणि मुदती जागोजागी वेगळ्या असतात, त्या आधी बघून घ्या. मुदत गेली की मुद्दा कितीही खरा असो, कुणी ऐकत नाही.

आणि पुढच्या वेळी सोबत कुणीतरी न्या. चोरून रेकॉर्डिंग करू नका, काही ठिकाणी तो गुन्हा ठरतो. सोबतच्या माणसाने शांतपणे वहीत लिहिलं तरी खोलीतली हवा बदलते.

भूलचूक

मी भूलतज्ज्ञ आहे आणि दुखण्याच्या ओपीडीत बसते. इथून निदान करत नाही, करूही नये. पण मनगट मोडल्यानंतर असं होणं, रंग-तापमान बदलणं, वाऱ्याने कळ येणं, हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम'चं येतं, म्हणजे सीआरपीएस. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हा आजार होतो हे आम्हाला शिकवलेलं असतं.

तुमच्या तक्रारीला उपयोगी पडेल म्हणून सांगते. याच्या निदानाला 'बुडापेस्ट निकष' म्हणतात, २००३ मध्ये तिथे बैठक झाली म्हणून. लक्षणांचे चार गट केलेले आहेत: स्पर्शाची संवेदना, रंग आणि तापमान, सूज आणि घाम, हालचाल आणि केस-नखं-कातडी. रुग्णाने चारपैकी किमान तीन गटांतलं काहीतरी सांगायला हवं आणि तपासणाऱ्याला स्वतःला किमान दोन गटांत काहीतरी आढळायला हवं. शिवाय दुखणं मूळ इजेच्या मानाने जास्त हवं आणि दुसऱ्या कशाने ते नीट उलगडत नाही याची खात्री हवी. यात एक्स-रे कुठे आला? हाड जुळलंय हे एक्स-रे सांगतो. सीआरपीएस नाही, हे तो सांगू शकत नाही. हात हातात घेतल्याशिवाय हे निदान करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. तुमच्या धाग्याचं शीर्षकच तुमची तक्रार आहे.

आता माझ्या व्यवसायबंधूंची थोडी बाजू. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, सवय लागू शकणाऱ्या गोळ्यांबद्दलची भीती उगाच नाही, ट्रामाडॉल त्यातलीच. अमेरिकेत सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१६ मध्ये त्यांच्यावर मार्गदर्शन काढलं, ते काही ठिकाणी इतकं ताणलं गेलं की जुन्या रुग्णांच्या गोळ्या एका झटक्यात बंद झाल्या. २०१९ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांना अशा अचानक बंद करण्याविरुद्ध इशारा द्यावा लागला आणि २०२२ मध्ये सीडीसीने मार्गदर्शनच बदललं. मीही तुम्हाला कदाचित ट्रामाडॉल दिली नसती. पण का नाही ते सांगितलं असतं आणि त्याऐवजी काय करू तेही. या आजारात हात हलता ठेवणं, फिजिओथेरपी, आरशासमोरचे व्यायाम हे महत्त्वाचं, मज्जातंतूंच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. गोळीला नाही म्हणणं आणि माणसालाच नाही म्हणणं यात फार अंतर आहे.

वाऱ्याने दुखतं हे सांगायची लाज सोडा. ते आमच्यासाठी सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

दोन्ही हात एका चौकटीत येतील असे फोटो काढा, रोज त्याच खिडकीपाशी, तारीख दिसेल असे. रंग येतो-जातो आणि नेमका डॉक्टरसमोर हात साळसूद दिसतो.

शक्य असेल तर हेही पत्रात घाला: वेदनांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. तिच्या टिपांत म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

फायलींतला

डॉक्टर, बाकी सगळं पटलं, व्याख्या नको. पत्रात व्याख्या आली की वाचणारा समजतो, इंटरनेटवरून उचललंय. परिषदेकडे जायची वेळ आली तर तेव्हा घालू.

भूलचूक

मान्य नाही, पण पत्र तुम्ही जास्त वाचली आहेत.

उजवा_हात

तुम्हा सगळ्यांचे आभार. तीन पानांचं हे झालं. बघता का?

"माझ्या उजव्या मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणं, सूज व रंगबदल आहे. २४ एप्रिल रोजी डॉक्टरांनी हाताला स्पर्श करून तपासणी केली नाही. त्या दिवशीच्या नोंदीत हाताच्या तपासणीचा एकही उल्लेख नाही (प्रत जोडली आहे). वेदनातज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती कारण न देता नाकारली. १५ मे रोजी अपॉइंटमेंट नाकारली, त्याचं कारण मी लेखी मागितलं आहे, उत्तर आलेलं नाही. माझी मागणी: (१) हाताची तपासणी दुसऱ्या डॉक्टरांकडून व्हावी, (२) वेदनातज्ज्ञांकडे पाठवावं, (३) 'तीव्र वेदनाशामकांची मागणी' ही नोंद दुरुस्त करावी. मी अत्यंत अपमानित झाले."

फायलींतला

शेवटचं वाक्य काढा. खरं आहे, म्हणूनच काढा. ते त्यांना उत्तर द्यायला सोपं आहे. आणि तिसरी मागणी बदला, नोंदी सहसा पुसत नाहीत. "या नोंदीशी मी असहमत आहे, माझं हे निवेदन फाइलला जोडावं" असं मागा. त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

पाठदुखे

आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर. ताई, पाठवा.

उजवा_हात

२३ दिवसांनी कळवतेय. दुसरा डॉक्टर मी आधीच गाठला होता, वेदनांच्या ओपीडीत, तक्रारीची वाट न बघता. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, हात द्या. कापसाचा बोळा मागच्या बाजूने फिरवला आणि मी ओरडले. मग एवढा वेळ ते लिहीतच होते की मी वाकून बघितलं. एका हातापेक्षा दुसरा १.६ अंशांनी गार. भूलचूक यांनी लिहिलं होतं तेच नाव निघालं. आता रोज आरशासमोर बसून डावा हात हलवते आणि आरशात उजवा हलताना बघते. पहिल्या दिवशी मळमळलं. आता करंगळी अंगठ्याला लागते, अजून दोन बोटं नाही.

रुग्णालयाचं उत्तर काल आलं. निवेदन फाइलला जोडलंय. पुनर्तपासणीची तारीख दिलीय, जायचं की नाही ठरवलेलं नाही. काउंटरवरच्या नकाराबद्दल लिहिलंय, "संवादातील त्रुटीमुळे".

फायलींतला

कुणाच्या संवादातील, ते विचारा. पोच घ्यायला विसरू नका.