कोजागिरीला गच्चीवर दाखवण्यासाठी जुना हिंदी चित्रपट सुचवा

गंगापूररोडकर:
यंदा कोजागिरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, दूध आटेपर्यंत, एक जुना हिंदी चित्रपट लावण्याचा विचार आहे. प्रेमकथा हवी, पण तिला गुन्हेगारीची किनार असावी, आणि गाणी अशी असावीत की ऐंशीच्या घरातल्या आजींपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत कोणीही सतरंजीवरून उठू नये. माझ्या मनात ‘ज्वेल थीफ’ (१९६७) आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पंचवटीकर:
‘ज्वेल थीफ’ उत्तमच आहे, परंतु त्यातील रहस्य इतके गुंतागुंतीचे आहे की दूध ढवळायला उठलेला माणूस परत येईपर्यंत पुष्कळ काही घडून गेलेले असते. त्याचेच दिग्दर्शक विजय आनंद यांचा ‘काला बाजार’ (१९६०) आपण लावावा, असा माझा आग्रह आहे. बसवाहकाची नोकरी गमावलेला रघुवीर चित्रपटांची तिकिटे काळ्या बाजारात विकू लागतो आणि ब्लॅकने घेतलेली तिकिटे फाडून भिरकावून देणाऱ्या अलकाच्या प्रेमात पडतो. नाशकातल्या थिएटरबाहेर ‘पाचचे दहा, पाचचे दहा’ असे ओठ न हलवता पुटपुटत फिरणारी पोरे मी लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे देव आनंद यांचा रघुवीर मला कधीच परका वाटला नाही. ‘मदर इंडिया’च्या खऱ्याखुऱ्या प्रीमियरची दृश्येही त्यात आहेत. ती पाहताना आपल्याकडच्या आजी एकेक नट ओळखू लागतील, याची मला खात्री आहे.

खरी श्रीमंती मात्र सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि शैलेंद्र यांची गीते यांत आहे. रघुवीरला अलकाशी सरळ बोलण्याचे धैर्य होत नाही, म्हणून तो गाण्यांच्या आडून बोलतो. ‘अपनी तो हर आह’ हे गाणे तो आगगाडीच्या डब्यात गातो. अलका वरच्या बर्थवर आहे, तिचे आईवडील त्याच डब्यात आहेत, आणि गाण्यातला ‘ऊपरवाला’ म्हणजे देव असे ज्याला वाटायचे त्याने खुशाल वाटून घ्यावे! एका शब्दाच्या श्लेषावर अख्खा प्रसंग तोललेला आहे आणि रफींनी तो शब्द मुळीच जोर न देता, सहज सोडून दिला आहे. ‘रिमझिम के तराने’मध्ये तर दोघे एका छत्रीखाली आहेत, गाणे रफी आणि गीता दत्त यांच्या आवाजात पार्श्वभूमीला चालू आहे, आणि पडद्यावर कोणीच ओठ हलवत नाही. ‘खोया खोया चाँद’ कोजागिरीला का लावावे, हे मी सांगायला नकोच.

सूरवेडी:
पंचवटीकरांशी पूर्ण सहमत. एका गाण्याची भर घालते. काळ्या बाजाराच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या घरात रघुवीरची आई, म्हणजे आपल्या लीला चिटणीस, ‘न मैं धन चाहूँ’ हे भजन म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे अवश्य पाहावे. गीता दत्त आणि सुधा मल्होत्रा यांचे स्वर त्यात इतके निर्मळ लागले आहेत की रघुवीरला वेगळा उपदेश करण्याची गरजच उरत नाही.

गंगापूररोडकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार, ‘काला बाजार’ नक्की केला. एकच शंका आहे : चित्रपट कृष्णधवल, पडदा म्हणजे पांढरी चादर, आणि वर पूर्ण चंद्र, तर चित्र फिके पडेल का?

पंचवटीकर:
चादर गच्चीच्या पूर्वेकडच्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून बांधावी आणि तिच्या मागे एखादे जाड काळे कापड लावावे. चंद्र तिकडूनच वर येणार असल्यामुळे त्याचा उजेड पडद्याच्या पाठीवर पडेल आणि प्रेक्षकांना तो पडद्याच्या वर दिसत राहील. आणि एक विनंती : आगगाडीचे गाणे चालू असताना दूध वाटू नये, कारण पेल्यांच्या आवाजात ‘ऊपरवाला’ निसटून जातो.