वायरलेस माऊस आणि कीबोर्ड मध्येच तुटतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी जॅकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच कापडात उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइन तयार करतो. डिझाइनची खोली मागांच्या शेडला लागूनच आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या अडचणीचे मूळ त्या शेजारातच आहे असे येथे बहुतेकांचे मत आहे.

अडचण अशी की, संगणकाचा वायरलेस माऊस काम चालू असताना मध्येच तुटतो, म्हणजे त्याचा संगणकाशी संपर्क जातो. कधी बाण अडखळत अडखळत सरकतो, कधी जागच्या जागी थिजतो आणि काही क्षणांनी आपोआप सुरू होतो. इतर कामात हे एक वेळ खपून गेले असते, पण जॅकार्डच्या डिझाइनमध्ये पडद्यावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक (उभा) धागा आणि बाण्याचा एक (आडवा) धागा यांची गाठभेट असते. टॉवेलच्या किनारीवर हॉटेलचे नाव काढताना अक्षराच्या कडेने माऊस ओढत असलो आणि नेमका त्या वेळी तो तुटला, तर परत येताना बाण भलतीकडेच उडी मारतो आणि मधल्या चौकोनांवर एक आडवी रेघ उमटते. ती नजरेतून सुटली तर मागावर तेवढ्या जागेत धागा न बांधला जाता कापडावर लोंबता राहतो, आणि ते लक्षात येईपर्यंत बरेच कापड विणून झालेले असते.

आतापर्यंत केलेले उपाय असे. सेल बदलले आणि साध्या सेलऐवजी अल्कलाइन घातले. माऊसच्या तळाशी सेन्सरच्या खाचेत सुताचे तूस अडकते, तेही चिमट्याने काढले. त्यामुळे बाणाचे थरथरणे थांबले, तुटणे मात्र थांबले नाही. दुकानदाराने मागांच्या मोटरींवर ठपका ठेवला, पण साप्ताहिक सुट्टीला माग बंद असतानाही हाच प्रकार घडतो. वायरचा माऊस घ्यावा हा सल्ला येणार याची कल्पना आहे आणि तो शेवटचा उपाय म्हणून मान्यही आहे. मात्र माऊस व कीबोर्ड हा एकाच रिसीव्हरवर, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायच्या छोट्या संदेशग्राहकावर, चालणारा जोडसंच आहे आणि अलीकडे टंकताना अक्षरेही गळू लागली आहेत, त्यामुळे दोन्ही वस्तू टाकून देण्यापूर्वी कारण समजून घ्यावे असे वाटते.

रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या पोर्टमध्ये आहे, कारण मागची बाजू भिंतीला टेकलेली असते. विंडोज ११ आहे. आणखी कोणती माहिती हवी असल्यास विचारावी.

प्रतिसाद

दोन गोष्टी कळल्या तर निदान सोपे होईल. पहिली म्हणजे, माऊस तुटतो त्या वेळी पेनड्राइव्ह काढल्या-घातल्यावर विंडोज जो आवाज करते तसा आवाज येतो का? आवाज आला तर संगणकाच्या लेखी रिसीव्हरच नाहीसा झाला असा अर्थ होतो, आणि मग पोर्ट किंवा वीजबचतीची मांडणी तपासावी लागते. आवाज नसेल तर रिसीव्हर जागेवर आहे आणि हवेतला दुवा तुटतो आहे. दुसरी गोष्ट, रिसीव्हरच्या शेजारच्या पोर्टमध्ये काय जोडलेले असते?

धागाकर्ता

आपल्या प्रश्नामुळे आवाजाकडे मुद्दाम लक्ष दिले. काम चालू असताना माऊस तुटतो तेव्हा कोणताही आवाज येत नाही. मात्र दुपारी जेवून परत आल्यावर माऊस हलवला तर बराच वेळ काहीच होत नाही, मग आपण म्हणता तसा आवाज येतो आणि माऊस चालू होतो. शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम जोडलेली असते. टॉवेलचे स्कॅन केलेले नमुने आणि जुनी डिझाइन तिच्यावरूनच उघडतो, आणि संध्याकाळी दिवसभराच्या कामाची प्रतही तिच्यावरच घेतो. संध्याकाळी त्रास अधिक होतो खरा, पण तो मी दिवसभर वापरून उतरलेल्या सेलच्या खाती मांडत होतो.

प्रतिसाद

आपल्याकडे एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत: काम चालू असताना आवाज न होता तुटणे आणि दुपारी उशिराने आवाज होऊन परत येणे. दोघांनाही आपण ‘माऊस तुटतो’ असेच म्हणत असल्यामुळे उपाय लागू पडत नाहीत. माऊस अडतो तशी कीबोर्डची अक्षरेही गळतात, हा आपण जाता जाता सांगितलेला तपशील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. दोघांचे सेल वेगळे आणि दोघांत समाईक काय, तर रिसीव्हर. तेव्हा सेलवर आणखी पैसे घालवू नयेत.

आवाज न होता तुटण्याचे कारण ती हार्ड डिस्क असण्याची शक्यता फार मोठी आहे. असे बहुतेक माऊस २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतात. निळे पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी ३.०, ज्यातून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहते, आणि त्या वाहतुकीमुळे उठणारा रेडिओ गोंगाट नेमका या पट्ट्यावरही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली या विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. जवळच यूएसबी ३.० ची डिस्क जोडल्यास २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपटीने, वाढू शकतो असे त्यात दाखवले आहे. माऊस मुळात अत्यंत क्षीण संदेश पाठवतो. चालू मागाशेजारी उभे राहून कोणी कुजबुजावे, तशी त्याची गत होते. हा गोंगाट डिस्कच्या जोडणीतून आणि केबलमधून हवेत पसरतो, म्हणून रिसीव्हर लगतच्याच काळ्या पोर्टमध्ये हलवून फारसा फरक पडत नाही. त्याला अंतर हवे.

मागांच्या मोटरींना मात्र दोष देऊ नये. मोटरी, स्टार्टर आणि वेग बदलणारे ड्राइव्ह यांचा विद्युत गोंगाट बहुतांशी काही मेगाहर्ट्‌झपर्यंतचा असतो आणि मुख्यतः वायरींमधून पसरतो. माऊसचा पट्टा त्याच्या कितीतरी वर आहे, आणि सुट्टीच्या दिवसाचे आपले निरीक्षणही तेच सांगते.

खात्री करून घेण्यासाठी डिस्कवर एखादा मोठा फोल्डर कॉपी करायला लावावा आणि त्याच वेळी माऊस फिरवून पाहावा. मग डिस्क सुरक्षितपणे काढून ठेवून तेच काम करावे. फरक दिसला तर साधी यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल आणावी, रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर माऊसच्या जवळ आणि डिस्कपासून दोनेक फूट दूर ठेवावा. केबल यूएसबी ३.० ची नसावी आणि डिस्कच्या केबलीसोबत गुंडाळलेलीही नसावी. वाय-फायचा राउटर टेबलावरच असल्यास तोही थोडा दूर सरकवावा आणि संगणक वाय-फायवर असेल तर तो ५ गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कला जोडावा.

प्रतिसाद

वरील विवेचन योग्यच आहे, तरीही डिझाइनच्या टेबलावर मी स्वतः वायरचाच माऊस ठेवीन. जिथे एका रेघेची किंमत कापडात मोजावी लागते, तिथे सेल आणि रेडिओ या दोन भानगडी कशाला वाढवाव्यात?

धागाकर्ता

सांगितल्याप्रमाणे चाचणी घेतली. हार्ड डिस्कवर कॉपी सुरू करताच बाण अडखळू लागला, डिस्क काढताच तो सुतासारखा सरळ चालू लागला. आता रिसीव्हर केबलने टेबलावर आणला आहे आणि संध्याकाळी प्रत घेत असतानाही काम करता येते. वायरच्या माऊसबद्दलचा मुद्दा पटतो, पण या टेबलावर नमुन्याचे टॉवेल सतत पसरलेले असतात आणि वायर त्यांच्या फासांत अडकते, म्हणून सध्या तरी वायरलेसच ठेवतो.

दुपारचा दोष मात्र कायम आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीजबचतीची खूण काढून टाकावी असे एका ठिकाणी वाचले, परंतु तिथे ‘यूएसबी रूट हब’ या नावाच्या एकाहून अधिक नोंदी दिसतात. रिसीव्हर त्यांपैकी कोणत्या हबवर आहे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद

डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडावे, म्हणजे कोणती वस्तू कोणत्या हबखाली आहे याची उतरंड दिसते. माऊसची नोंद शोधून तिथून वर वर जात राहिल्यास तिचा रूट हब सापडेल. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘पॉवर मॅनेजमेंट’ या भागात, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी खूण असते, ती काढावी. त्याशिवाय कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंग उघडून ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. हे बदल करण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते लागते, त्यामुळे कारखान्याच्या संगणकावर ते आपल्याकडे नसल्यास आधी मागून घ्यावे. रिसीव्हर पुढे कधी दुसऱ्या पोर्टमध्ये हलवला तर त्याचा हबही बदलू शकतो, आणि मग त्या हबची खूण पुन्हा तपासावी लागेल.