पिटा फुगतो तो वाफेने

यीस्ट वाढवा म्हणजे पिटा (मधे खिसा असलेली मध्यपूर्वेकडची रोटी) फुगेल, असा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात पटत नाही. यीस्टने पीठ हलकं होतं, चव येते. पण पोटातला खिसा उघडतो तो वाफेने, आपला फुलका यीस्टशिवाय फुगतो तसाच. म्हणून सगळा भर आचेवर द्या. ओव्हन २५० अंशांवर ठेवून आत जाड लोखंडी तवा निदान अर्धा तास तापवा आणि पिटा थेट त्या तव्यावर टाका. तीन-चार मिनिटांत टम्म होतो. थंड ट्रेमधून आत सरकवला तर खालून आच लागेपर्यंत वरचा पापुद्रा वाळतो, मग वाफ कितीही झाली तरी तो ताणला जात नाही. लाटताना जाडी सगळीकडे सारखी ठेवा, चीर पडू देऊ नका, आणि लाटलेले पिटे दमट फडक्याखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

मैद्याशिवाय जमत नाही, हेही खरं नाही. इजिप्तमधला रोजच्या जेवणातला ऐश बलदी, म्हणजे तिथला पिट्यासारखा पाव, कोंडा असलेल्या गव्हाच्या पिठाचाच असतो. पीठ इतकं सैल की चिकटू नये म्हणून गोळे कोंड्यावर ठेवतात. आपली चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा १०० ग्रॅमला ७० ग्रॅमपर्यंत पाणी बिनधास्त घाला. हाताला चिकटली तरी वर कोरडं पीठ ओतत बसू नका, हात तेलाचा करून घ्या. आणि भाजलेले पिटे लगेच फडक्यात गुंडाळा, उघडे राहिले की कडक होतात.